बोटभर अलीकडे

आत्याच्या वर्गात पहिला धडा जुन्या वर्तमानपत्राचा. पान दोन्ही टोकांना धरून ती उभी राहायची आणि समोरच्याने लाथ मारायची. कागद थरथरला पाहिजे, फाटता कामा नये. "जोर काय, बैलालाही असतो," ती म्हणायची. "थांबायला अक्कल लागते."

दिवसभर ती कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत शर्टांना बटणांची काजं करायची. संध्याकाळी वरच्या मजल्यावर तायक्वांदो शिकवायची. बत्तीस वर्षं. भाची आत्या म्हणायची, म्हणून आम्ही सगळा वर्गच म्हणू लागलो, पन्नाशीचा पोस्टमनसुद्धा.

भाची तिची सर्वांत तयार विद्यार्थिनी, आणि निवड चाचणीत दोनदा हरलेली. आता चेस्ट गार्डमध्ये, म्हणजे छातीवरच्या चिलखतात, सेन्सर आले होते; पुरेशा जोराने लागलं तरच गुण. भाचीची लाथ वेळेवर निघायची, नेमकी पोचायची आणि सवयीने बोटभर अलीकडे थांबायची. फलकावर शून्य. तिच्या वयोगटाची आता एकच चाचणी उरली होती.

"मी नव्या क्लासला जाऊ, आत्या? तिथे यंत्र आहे."

"मग मान खाली कशाला? चोरी केलीस का? चल, मीही येते."

नव्या क्लासचा कोच आत्याचा मुलगा शोभेल अशा वयाचा. तो लाथांचं चित्रण थांबवून थांबवून दाखवत होता. आत्याने चष्मा लावून तासभर पाहिलं. मग उठली.

"ते चिलखत मला होईल का?"

"आजी, लागेल हो!"

"आजी घरी. बांधा."

भाची समोर आली. लाथ आली, थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली.

"पायाला मेंदी लावलीस का गं?"

"तूच शिकवलंस ना असं!"

"मीच शिकवलं, मीच मोडते. मार."

अकराव्या लाथेला धप्प आवाज झाला. फलकावर दोन गुण. आत्या दोन पावलं मागे गेली, भिंतीला टेकली आणि श्वास परत आल्यावर हसली. पुढचे तीन आठवडे ती रोज ते चिलखत बांधून उभी राहिली. काजं करताना बरगडी दुखली की सुई खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. आयुष्यभराची शिकवण स्वतःच्या अंगावर झेलून मोडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

चाचणीत शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत होते. भाचीने पुढचा पाय उचलला आणि खाली ठेवलाच नाही. पहिली लाथ अडवली गेली, दुसरीही. पाय तसाच हवेत. दमलेल्या प्रतिस्पर्धी मुलीचा हात जरा खाली आला, आणि तिसरी लाथ बसली. पुरती बसली.

भाचीची निवड झाली. कोच धावत आत्याकडे आला.

"एवढा वेळ पाय वर राहतो कसा? कुठलं मशीन वापरता?"

"खिडकी. एका हाताने धरायची, पाय उचलायचा, पन्नास मोजायचे. सहा महिन्यांनी खिडकी सोडायची."

"सहा महिने? आमच्या मुलांना जरा घाई आहे हो."

"घाई असेल तर सात," आत्या म्हणाली.