लहानग्यांना संघात न घेणारे नारूमास्तर

नारूमास्तरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका फुटबॉलवरून. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षे झाली असतील. मी मालवणच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि नारायण विश्राम खोत नावाचे नवे व्यायामशिक्षक मुंबईहून बोटीने येऊन नुकतेच रुजू झाले होते. शाळेसाठी नवा फुटबॉल कोल्हापुराहून मीच आणला होता. मास्तरांनी तो दाबला, कानाशी नेला, मग नाडी सोडून आतला ब्लॅडर बाहेर ओढला. त्याला ठिगळे होती.

"नवा म्हणून दिला?" त्यांनी विचारले.

"हो. चेंडूच्या आत कोण बघतं?"

"मी बघतो," ते म्हणाले आणि नाडी पुन्हा बांधू लागले.

माणूस मला मुळीच आवडला नाही. गावालाही आवडला नाही. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संघातून खेळलेला गडी तिथली नोकरी सोडून मालवणात कशाला येईल? कोणी म्हणे साहेबाशी भांडला, कोणी म्हणे काहीतरी लफडे करून आला. कारण पुढे कळले, तेव्हा ते अगदी साधे निघाले. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचे करायला घरात दुसरे कोणी नव्हते. मास्तरांनी हे कोणाला सांगितले नाही, कारण कोणी त्यांना सरळ विचारलेच नव्हते.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्याची वाळू घट्ट होते. तिथे त्यांनी संघ उभा केला. नियम एकच होता, पण तो कडक होता. आठवीच्या खालचा मुलगा संघात घ्यायचा नाही. लहान मुलांनी यावे, पळावे, आट्यापाट्या खेळाव्यात, चेंडूही लाथाडावा. पण त्यांची निवड करायची नाही आणि कोणाला काढायचेही नाही. गजा नावाचा एक ठेंगणा, धांदरट मुलगा सातवीपर्यंत स्वतःच्याच पायात अडकून पडत असे. नववीत तो असा वाढला, की सावंतवाडीच्या शाळेविरुद्धच्या सामन्यात त्याने एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही. परतताना एस.टी.त मास्तर मला म्हणाले, "सातवीतच निवड केली असती, तर ह्याला मी घरी पाठवला असता. आणि आपण बरोबर केलं असंच मला वाटलं असतं."

या नियमाची खरी कसोटी पुढे लागली, आणि ती माझ्याच घरात. गोवा मुक्त झाला त्याच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका धनिकांनी मोठे निवासी फुटबॉल केंद्र काढले होते. आधी तिथे सोळा-सतरा वर्षांची मुले घेत. आता त्यांना आठ-नऊ वर्षांची हवी होती. दोन गृहस्थ बोटीतून उतरले, किनाऱ्यावर मुलांना खेळवून पाहिले आणि माझ्या अरुणला निवडले. अरुण नऊ वर्षांचा होता. राहणे, खाणे, शाळा, बूट, सगळे केंद्राचे. "ह्या वयात हाताशी आला तर देशासाठी खेळेल," ते म्हणाले. मी हुरळून गेलो.

मास्तरांनी ऐकले आणि संध्याकाळी घरी आले. "अरुणला पाठवू नका," एवढेच म्हणाले.

मला राग आला. स्वतःचा चांगला गडी हातचा जातो म्हणून हे बोलतात, असे मला वाटले आणि मी तसे तोंडावर म्हटले. ते चिडले नाहीत. पण शाळेतली मराठी सोडून मालवणीत बोलू लागले, म्हणजे मनातले बोलू लागले.

"मोहर बघून आंब्याची पेटी इकणारो माणूस तुमी बघितलास? तसले हे. नव वर्षाच्या झिलाक बघून सोळा वर्षाचो खेळाडू तेंका दिसता. माका नाय दिसणा."

आमची मंडळी दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तरांनू, बरां आसा की वायट आसा, ता हय बसान कसां कळतला? थंय जावन बघा."

म्हणून सुट्टी लागल्यावर आम्ही दोघे बोटीने मुंबईला गेलो.

केंद्र पाहून मी दिपलो, हे नाकारत नाही. हिरवेगार मैदान, पांढऱ्या जाळ्या, मुलांच्या पेल्यांत दूध. व्यवस्थापक अदबीने सगळे दाखवत होते. मास्तरांनी मैदानाकडे बघितले न बघितल्यासारखे केले आणि विचारले, "गेल्या वर्षी जी लहान मुलं घेतलीत, ती कुठे आहेत?"

"त्यातली काही आहेत, काही गेली."

"कुठे गेली?"

"ज्यांची प्रगती दिसली नाही, ती घरी."

"घरी कोणी नेऊन सोडलं?"

"ओळखीचं माणूस बघून बोटीत बसवून दिलं."

मास्तर माझ्याकडे वळून मालवणीत काहीतरी बोलले. तेवढ्यात बूट पुसत बसलेला एक मुलगा उठून आमच्याकडे आला. त्याने मास्तरांचे धोतर धरले. "तुमी आमच्या थंयचे? माका घराक व्हरशात?"

व्यवस्थापक हसले. "सुरुवातीला सगळेच असं म्हणतात."

"ह्याला किती दिवस झाले?"

"हा? ह्याचं दुसरं वर्ष."

मास्तर खाली बसले. मुलाचे नाव शंकर, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतला. त्यांनी त्याला बापाचे नाव विचारले, घराची खूण विचारली आणि म्हणाले, "तुझ्या बापाशीक सांगतंय." नेतो असे म्हणाले नाहीत. जे आपल्या हातात नाही, त्याचे वचन ते लहान मुलालाही देत नसत.

आम्ही परतीची बोट धरली. मालवणला मी उतरलो. मास्तर उतरले नाहीत, तसेच पुढे वेंगुर्ल्याला गेले. तिथून चालत शंकरच्या घरी पोहोचले. बापाने त्यांना ओटीवरही बसू दिले नाही. "माज्या झिलाचा नशीब मोडूक इलास?" असे विचारून घालवून दिले. मास्तर परत आले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर उभे राहिले. या फेरीबद्दल मला त्यांच्याकडून नव्हे, शंकरच्या बापाकडूनच पुढे कळले.

कारण वर्षभराने केंद्राने शंकरला परत पाठवले. उंची वाढत नाही, एवढेच कारण. वाडीतली पोरे त्याला 'परत इलेलो' म्हणून चिडवू लागली आणि तो शाळेत जाईना. तेव्हा तोच बाप त्याला घेऊन मास्तरांच्या दारात आला. मास्तरांनी मागचे काही काढले नाही. शंकर त्यांच्याच घरी राहिला, आमच्या शाळेत शिकला. तो चेंडूला पाय लावत नसे आणि मास्तरांनी त्याला एकदाही 'खेळ' म्हटले नाही. आठवीत गेल्यावर एका संध्याकाळी तो आपणहून वाळूवर आला. "इलस?" मास्तर म्हणाले, "बरां झाला," आणि चेंडू त्याच्याकडे ढकलला. आज तो अकरावीत आहे, संघात आहे, आणि अजून ठेंगणाच आहे.

त्या केंद्रातून दोन मुले मात्र खरोखर नावारूपाला आली. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा गावातल्या एकाने ती मुद्दाम आणून मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी ती नीट पाहिली. "चांगले खेळतत," ते म्हणाले. "बाकीच्यांचे फोटो खंय आसत?"

अरुणला आम्ही पाठवले नाही. दोनतीन वर्षांत त्याचे फुटबॉलचे वेड ओसरले. आता तो दशावताराच्या मृदंगामागे लागला आहे. तो मोठा खेळाडू झाला असता का, हा प्रश्न मला अजून छळतो. एकदा मी तो मास्तरांनाच विचारला. मला धीर देणारे उत्तर त्यांना सहज देता आले असते.

"झालोय असतो," ते म्हणाले. "माका काय म्हायत? त्या केंद्रवाल्यांकाय म्हायत नव्हता. पण तेंनी सांगितल्यानी, आणि मी सांगूक नाय, इतकोच फरक."

मुलांच्या भविष्याबद्दल कोणी वचन दिले, तर इतका संशयी आणि स्वतःच्या ज्ञानाबाबतही तितकाच संशयी असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. गोड बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा असतो, हे मालवणातल्या कितीतरी आईबापांना त्यांनी शिकवले. त्या प्रश्नांपायी त्यांच्याशी भांडलेले पुष्कळ आहेत. त्यातले बरेचजण आज या गौरवसमितीत आहेत.

मास्तरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्काराचे सांगायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून विचारले, "माका हार घालून मैदानातसून भायर काढतलात काय?"

नाही मास्तर, तसा आमचा विचार नाही. तुम्हाला उदंड आयुष्य लाभावे, गुडघे धड राहावेत, रोजच्या ओहोटीने तुम्हाला वाळूवरच गाठावे. आणि उद्या पुन्हा कोणी आमच्या लेकरांचे भविष्य पिशवीत घालून बंदरावर उतरला, तर त्याच्यासमोर सगळ्यांत आधी तुम्ही उभे असावे.