वसुधाताई आणि चौकातली औषधाची खिडकी

वसुधाताईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे गौरवग्रंथात लिहिण्यासाठी मी त्यांची परवानगी घेतलेली नाही. युट्रेख्टमधल्या आमच्या गणेशोत्सवात आम्ही मखर नेमके सभागृहाच्या आपत्कालीन दारासमोर उभारले होते. आरतीच्या तोंडावर ताईंनी ते हलवायला लावले आणि स्वतः एक बाजू उचलायला आल्या. पतीच्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे आलेल्या या बाई डच शिकून इथल्या खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, परवाना विभागात अधिकारी झाल्या आहेत, हे मला नंतर कळले.

त्यांच्या साठीनिमित्त इतर मंडळी खूप काही लिहितील. मला कधीपासून सांगायचे आहे ते एका खिडकीविषयी.

करोनाचा काळ होता. माझी पत्नी मीरा हिला मज्जासंस्थेचा आजार आहे. पाय ताठरतात, झोप लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गांजाच्या तेलाने तिला प्रथमच आराम पडला होता. ते देणारे औषधाचे दुकान आमच्याच वस्तीत, पण इतके अरुंद की साथीच्या नियमांमुळे आत एका वेळी एकच गिऱ्हाईक. बाकीचे आजारी लोक थंडीत ताटकळत. म्हणून दुकानाने चौकाच्या बाजूला औषधे देण्याची खिडकी उघडायला परवानगी मागितली. समोर शाळा. झाले, "शाळेसमोर गांजाची खिडकी" असा मेसेज आमच्या मराठी ग्रुपवर फिरला आणि आपल्या मंडळींनी पुढचे न वाचताच हरकतीवर भराभर सह्या केल्या. मीरा मुकाट्याने बघत राहिली. आपले औषध तिने कोणालाच सांगितले नव्हते. "गांजा ओढते म्हणतील," ही तिची धास्ती.

दुकानाचा अर्ज ताईंच्याच विभागाकडे आला होता. ऑनलाइन सुनावणी ठेवून त्यांना मोकळे होता आले असते. पण त्याआधी त्या हळदीकुंकवाचे बोलावणे करावे तशा दारोदार गेल्या. सायकल भिंतीला टेकवायची, दीड मीटर लांब उभे राहायचे आणि मास्कमधूनच सांगायचे, की कॉफीशॉपमधला, म्हणजे इथे नशेसाठी दुकानात उघड विकतात तो गांजा वेगळा, त्याला शाळेपासूनच्या अंतराचा नियम आहे. हे औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. मग समोरच्याचे सगळे ऐकून घ्यायचे, अगदी पार्किंगच्या तक्रारीसुद्धा.

आमच्या दारात आल्या तेव्हा मीराला राहवले नाही.

"ताई, ते तेल मी घेते. तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. माझं नाव नका घेऊ."

ताई म्हणाल्या, "मीरा, मी खेमेंटेची माणूस. मला कुणाची बाजू मांडता येत नाही गं. पण तू बोललीस, तर तुझं संपेपर्यंत मध्ये कुणाला बोलू देणार नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी ओळख असून इतके साधे काम करू नये?

सुनावणीच्या दिवशी मीराने कॅमेरा सुरू केला. मोडक्यातोडक्या डचमध्ये नाव सांगितले, आजार सांगितला, औषध सांगितले. पडद्यावर हरकतीवर सह्या केलेल्या आपल्याच मंडळींचे चेहरे होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मध्येच काही म्हणू लागले, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "थांबा, त्यांचं बोलणं व्हायचंय." मीरा पूर्ण बोलली. आज लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो आहे.

अध्यक्षांनीच सर्वांत आधी हरकत मागे घेतली, मागोमाग बाकीच्यांनी. परवानगी मिळाली, आणि पालकांच्या काळजीचीही कदर झाली: शाळा सुटताना खिडकी बंद, पाटीवर गांजाच्या पानाचे चित्र नाही. ते पत्र वाचून मी घरभर नाचलो. माझा राग कुठल्या कुठे पळाला. ताईंनी मीराची बाजू मांडली असती, तर खिडकी कदाचित उघडली असती, पण मीरा घरात लपलेलीच राहिली असती.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या खिडकीशी रांग लावण्याची वेळ तुमच्यावर कधीही न येवो. आलीच, तर सोबतीला मीरा येईल. तिथे ती आपले नाव आता मोठ्याने सांगते.