सुमनच्या वकिलाची फी

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. बायकोकडे तर नाहीच. तिच्याकडे कसं बोलणार — प्रकरण तिचंच आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मुलुंड स्टेशनजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली पाच चालू. सुमन तिथेच शिकली, एका गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली, आणि दोन वर्षांनी तिने माझ्याशी लग्न केलं. आठवड्याभरात कारखान्याने तिला काढलं. नियमच होता त्यांचा — बाईने लग्न केलं की नोकरी संपली. पुरुषांनी खुशाल करावं. सुमन म्हणाली, मी कोर्टात जाणार. मी म्हणालो, जा. एवढं धाडस मी केलं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे सांगण्यासारखं फारसं नाही.

वकिलाची फी मी भरायचो, म्हणून पावत्या माझ्या नावावर. इन्कमटॅक्सचं रिटर्न भरताना मनात आलं — ही फी क्लासच्या खर्चात दाखवली तर? क्लासचा आणि खटल्याचा संबंध काय? काही नाही. पण रिबिनी, कागद, मशीनदुरुस्ती यांच्याखाली बारीक अक्षरात 'कोर्टखर्च' लिहिलं. कोण बघतंय?

बघितलं. ऑफिसातून बोलावणं आलं.

साहेब पोक्त होते, सभ्य. त्यांनी पावती वाचली. लग्न केल्यामुळे नोकरीवरून काढल्याबद्दलचा दावा, आणि वर माझं नाव. म्हणाले, अच्छा, म्हणजे तुम्ही क्लासमधल्या बाईला लग्न केलं म्हणून काढलंत आणि तिने तुम्हाला कोर्टात खेचलं.

एक क्षण होता. हो, होता. 'नाही साहेब, ती माझी बायको,' एवढंच म्हणायचं होतं. मग खर्च नामंजूर, वर दंड — मी मान हलवली. होकारार्थी.

का काढलंत, त्यांनी विचारलं. आता काय सांगू? तर कारखान्याचा मॅनेजर कोर्टात जे बोलला होता, ते माझ्या तोंडून धडाधड बाहेर पडलं — लग्न झालेल्या बायकांचं लक्ष घड्याळाकडे, उद्या पोरं होणार, रजा मागणार. त्या मॅनेजरला घरी बसून मी किती शिव्या घातल्या होत्या! आणि त्याचं भाषण मला पाठ.

साहेबांना पटलं. "मिटवून का नाही टाकत?"

"ऐकत नाही साहेब. कुणाचंच ऐकत नाही."

"तिचा नवरा काही बोलत नाही तिला?"

मी टेबलाकडे बघितलं. "नाही. तो तसा — साधा माणूस आहे."

"साधा कसला? ताटाखालचं मांजर असणार."

असेल, म्हणालो. त्यांनी चहा मागवला. खर्च मंजूर. ज्याने बाईला काढलं त्याचा वकील हा धंद्याचा खर्च, आणि जिला काढलं तिने मात्र आपला वकील पदरमोड करून पोसायचा — हा कायदा मला त्या चहाबरोबर कळला.

घरी सुमनने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, साहेब चांगले होते, केसची चौकशी केली. खोटं होतं का?

पुढे ती जिंकली. नोकरी परत, पगार परत. महिला मंडळाने सत्कार केला, मलाही नारळ दिला. बायकोच्या पाठीशी असं उभं राहणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मी हात जोडून टाळ्या घेतल्या.

तुम्ही म्हणाल, घाबरला बिचारा. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण केस दोन वर्षं चालली होती. दुसऱ्या वर्षी मला कुणी बोलावलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. तरी रिटर्नला जोडायला मी आपणहून एक कागद टाइप केला, झकास इंग्रजीत — सदर स्त्री कर्मचारी विवाहानंतर कामास अयोग्य ठरल्याने तिला कमी करण्यात आले, त्याबाबतचा कोर्टखर्च. एकही चूक नाही. शेजारच्या मशीनवर सुमन दुपारच्या मुलींना शिकवत होती, बिनपगारी. तिने मान वर करून विचारलं, "एवढं काय टाइप करताय हो?"

"क्लासचं आहे," मी म्हणालो, आणि खाली सही केली.