इवायासोबत टोक्या डोंगर

पहाटे निघताना माझ्या लेकीने पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि दारातच मला अडवलं. लोक निरोप देताना 'सांभाळून जा' म्हणतात. स्नेहल म्हणाली, "बाबा, वर चढले नाई तरी चालते. पन बोलून या."

काय बोलायचं होतं ते आधी सांगतो, नाहीतर हा डोंगर कुणाला कळायचा नाही. स्नेहल अमरावतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं लग्न शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराच्या घरी ठरलं आहे. मुलगा तिच्या पसंतीचा, घर चांगलं. अडचण एकच, आणि ती मी निर्माण केलेली. सुपारीच्या दिवशी मुलाचे वडील देविदासराव म्हणाले, "मे महिन्यात उरकून टाकू," आणि मी मान डोलावली. मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा. मला ते ठाऊक होतं, तरी मान डोललीच. आमच्याकडे मुलीचा बाप इवायापुढे (व्याह्यापुढे) नाही म्हणत नाही. तो इवायाच्या आधी बसत नाही, आधी जेवत नाही, आधी चालत नाही. त्यानंतर आमची दोनदा भेट झाली. दोन्ही वेळा मी मोठ्या धीराने तोंड उघडलं आणि इवायाने त्यात लाडू भरला.

आता पत्रिका छापायला जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात देविदासरावांची साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि होणाऱ्या जावयाने मोबाइलवर शोधून काढलं की गाविलगडच्या रांगेतला टोक्या डोंगर नवशिक्यांसाठी अगदी सोपा आहे. उंच आहे, पण सोपा. "तुम्ही दोघंच जा, ओळख वाढेल," तो म्हणाला. मी हो म्हणालो, हे वेगळं सांगायला नको.

अकोटहून परतवाड्याची एसटी धरली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती, मध्येच गव्हाचे हिरवे पट्टे, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ती रेघ जाडजाड होत गेली तसा मी बोलायची वाक्यं मनात घोकू लागलो. डोंगराची भीती नव्हती. बोलायची होती.

परतवाड्याच्या स्थानकावर देविदासराव उभे होते. पांढरा सदरा, पायात कोरे करकरीत बूट, आणि शेजारी संत्र्यांनी ठासून भरलेली पिशवी.

"घ्या इवाई, मृगाचा बहार. खास तुमच्यासाठी."

मी पिशवी उचलली आणि माझा खांदा एका बाजूला गेला. घाटाखालच्या टपरीवर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. मी घास तोंडात घालण्याआधी त्यांच्याकडे पाहत होतो, ते माझ्याकडे पाहत होते. पोहे गार झाले. मग ठरवलेल्या जीपने आम्ही पायथ्याच्या गावी पोहोचलो.

वीस-पंचवीस घरांचं कोरकू वस्तीचं गाव. अंगणं सारवलेली, भिंतींवर गेरूचे पट्टे. वाट दाखवायला रामकलीबाई आली. वयाने माझ्याएवढीच, आणि जिभेने आम्हा दोघांपेक्षा कितीतरी चपळ.

"भाऊ, थे संत्रं जीपमंदी ठेवा ना," ती म्हणाली.

आता इवायाने दिलेली भेट त्याच्या डोळ्यांदेखत जीपमध्ये टाकायची? मी म्हणालो, "नाही नाही, जड नाही काही." देविदासरावांनी कौतुकाने पाहिलं. झालं. टोक्या डोंगरावर संत्री चढवणारा मी बहुधा पहिलाच माणूस.

वाट सुरू होते तिथेच आम्ही अडकलो.

"इवाई, तुमी पुढं व्हा."

"छे छे, तुमी व्हा."

"असं कसं? तुमी पोरावाले."

रामकलीबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होती. "वाट मले मालूम हाय, मी पुढं जाते. मांगचा मानपान तुमी पाहा."

चढ खरंच सोपा आहे. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. मध्ये बांबूची बेटं लागतात, मग गुडघाभर पिवळं गवत. शाळेतल्या पोराने शीळ घालत चढावा असा डोंगर. पण तो पोरगा दम लागला की खाली बसेल. आम्ही बसणार कसे? मुलीचा बाप आधी थांबत नाही. आणि देविदासराव थांबतच नव्हते. त्यांच्या पाठीकडे पाहत मी मनात म्हणत होतो, हा माणूस आहे की बैलजोडी?

रामकलीबाई एका दगडावर टेकली. "बसा, पानी प्या."

"इवाई बसले की बसतो," मी म्हणालो.

"तुमी बसा आधी."

"नाही, तुमी."

एवढ्यात तिचं पाणी पिऊन झालं, तोंड पुसून झालं. ती उठली. "चाला मंग."

विसावा असा वाया गेल्यावर मला एक युक्ती सुचली, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटतं. मी झाडांचं कौतुक सुरू केलं. "इवाई, पाहा काय साग आहे!" इवाई थांबले, त्यांनी साग पाहिला. चांगला डोक्यापासून बुडापर्यंत पाहिला. पुढच्या वळणावर त्यांनीच एक बांबू दाखवला. मग मी एक वारूळ दाखवलं. इवायाला निसर्गाची एवढी आवड असेल असं मला वाटलं नव्हतं. एका काटक्या झालेल्या झुडपापुढे तर ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"बाई, याचं नाव काय?"

"थे मेलं हाय, भाऊ," रामकलीबाई म्हणाली. "आता नाव घेऊन काय करता?"

माथ्याच्या थोडं खाली खडकाळ टप्पा लागतो. तिथे देविदासराव न सांगता, न विचारता मटकन खाली बसले. मी इतका दचकलो की उभाच राहिलो. त्यांनी उजवा बूट काढला. टाच सोलून लाल झाली होती.

"पोरानं हौसेनं आनले," ते बुटाकडे पाहत म्हणाले. "लहान होऊन राह्यले, हे त्याले कसं सांगू? म्हनलं चालून चालून सैल होतीन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "इवाई, हेच शिखर समजू. खाली जाऊन सांगू की वर गेलतो. तुमी फक्त हो म्हना. तुमी म्हनसालच."

'बरं' माझ्या जिभेवर आलंच होतं. पण 'तुमी म्हनसालच' हे त्यांनी इतक्या खात्रीने म्हटलं की मला स्वतःची लाज वाटली. या माणसाला माझ्या होकाराचा केवढा भरवसा, आणि घरी माझ्या लेकीला माझा काहीच नाही.

"नाही," मी म्हणालो.

"आं?"

"नाही इवाई. वर जाऊ. आन् मे महिना बी नाही. पोरीची शेवटची परीक्षा हाय." खांद्यावर संत्री, छातीत श्वास नाही, म्हणून सगळं एका दमात बाहेर पडलं.

देविदासरावांनी बूट हातात धरूनच विचारलं, "मंग सुपारीत काहून नाही बोलले?"

"तुमी मे म्हनलं ना."

"म्हनलं तं म्हनलं! तुमी डोकं हालवलं, मले वाटलं तुमची सोय झाली." त्यांनी बूट खाली आपटला. "कार्यालय सांगून ठेवलं म्या. आता घरात इचारा लागीन. तुमच्या ईनबाई (विहीणबाई) काय म्हनते थे पायलं पायजे."

त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती.

"फोन वरतंच लागते," रामकलीबाई म्हणाली. तिला हे सगळं फार आवडलेलं दिसत होतं.

त्यांनी माथ्याकडे पाहिलं, टाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लय डोक्याचे निंघाले तुमी."

मी काही ठरवून केलं नव्हतं, पण तसं सांगितलं नाही. माझे सँडल काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"पोरीवाल्याच्या वहाना घालू काय मी?"

"घालाच लागीन," मी म्हणालो. नाही म्हणायची चटक वाईट असते. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून ते गळ्यात अडकवले आणि मोज्यांवर निघालो. त्यांना हात देत वर पोहोचल्यावर लक्षात आलं की शेवटच्या टप्प्यात मी पुढे होतो.

माथा सपाट आहे. चार मोठे दगड, एकाला शेंदूर, एक फाटकी पताका, आणि सगळीकडून वारा. उत्तरेला डोंगरांच्या घड्या एकामागे एक. दक्षिणेला धुरकट वऱ्हाड. "थे अकोट," रामकलीबाईने बोट दाखवलं. मला काहीच दिसलं नाही.

फोन लागला. देविदासरावांनी स्पीकर सुरू केला. "आयक. मे महिना नाही जमत, इवाई म्हनते. पोरीची परीक्षा हाय."

पलीकडून ईनबाईंचा आवाज आला, "कोन म्हनते?"

"इवाई."

"इवाई? थे बोलते?"

रामकलीबाईने पदर तोंडात धरला.

"बोलते," देविदासराव माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले. "आता तं लय बोलून राह्यले."

"मंग इतके दिवस काय तोंडात सुपारी होती? उद्या पत्रिका टाकनार होतो छापाले!"

"चूक माझी हाय, ईनबाई," मी फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो.

"तुमचीच हाय," तिकडून उत्तर आलं. "परीक्षा झाल्यावर पाहू. कार्यालयवाल्याले मी सांगते. पन पोरीले म्हना, आता नापास झाली तं माह्याशी गाठ हाय. आन् अहो, तुमी गोळी घेतली काय?"

देविदासरावांनी गोळी घेतली नव्हती. त्यांनी हो म्हणून सांगितलं.

मग आम्ही तिघांनी संत्री खाल्ली. कोणी कोणासाठी थांबलं नाही. देविदासराव म्हणाले, "पिशवी गाडीत ठेवाले काय झालतं? म्हनलं, मानसाले शौक असन वझं वाहायचा." उरलेली संत्री रामकलीबाईने ओच्यात घेतली. फोटो काढताना तिने आमचे पाय कापले. ही तिची चूक नव्हती, आम्हीच सांगितलं होतं.

उतरताना आम्ही वाटेत जिथे मनात आलं तिथे बसलो. जे कोणी जाणार असतील त्यांना माझा सल्ला: टोक्या डोंगर सोपा आहे, बरोबर कोण आहे ते पाहून जावं. परतवाड्याला निरोप घेताना देविदासराव माझे सँडल घालूनच गावी जायला वरुडच्या गाडीत चढले. मी त्यांचे बूट टाचा दुमडून पायात सरकवले आणि घर गाठलं.

अकोटला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. स्नेहल स्कूटर घेऊन स्थानकावर आली होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बोलले?"

"बोललो. परीक्षा झाल्यावर."

तिचा विश्वास बसेना. "तुमी स्वतः बोलले? का त्यायनं इचारलं?"

"मी बोललो."

तिने स्कूटरवर भरून आणलेली बॅग उचलली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. अमरावतीची गाडी फलाटाला लागलेली होती.

"अगं, जेवून सकाळी जा."

"पुस्तकं सारे तिकडंच हायेत, बाबा. लग्न मे मंदी म्हनून मी थे उघडतच नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. तारखेचं ओझं मी एकटाच वाहतोय असं इतके दिवस मला वाटत होतं. ती गाडीत चढली. दिव्याखालची जागा शोधून तिने बॅगेतून कसल्याशा झेरॉक्स काढल्या आणि मान खाली घातली. गाडी हलताना ती एकदा तरी माझ्याकडे बघेल म्हणून मी तसाच थांबलो.

तिने पाहिलं नाही. फार बरं वाटलं.