लोखंडाच्या उत्तरावरची फुली

तोंडवलीचे कॉस्मे मास्तर एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पेपर हजारो तपासले, पण एक फुली काही त्यांच्या मनातून जाईना. त्यांना आठवत होतं, नववीतल्या किशोरीने सहामाहीत लिहिलं होतं, लोखंड ताऱ्यांत तयार होतं. मास्तरांनी शिकवलं होतं, ते सृष्टीच्या आरंभापासूनच आहे. त्यांनी लाल फुली मारली. एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला. पुढे एका पुस्तकात त्यांनी वाचलं की लोखंड ताऱ्यांतच घडतं. तोवर किशोरी शाळा सोडून गेली होती.

मास्तरांनी चर्चमध्ये ते पाप कबूल केलं. फादरना लोखंडाचं काही कळलं नाही. त्यांनी तीन नमान मारी, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थना, म्हणायला सांगितल्या. म्हटल्या, पण मन हलकं झालं नाही.

आता बावीस वर्षांनी किशोरी, पुण्याची खगोलशास्त्रज्ञ, शाळेत भाषणाला येणार होती. मास्तर घरातून हलेनात.

"फादराक सांगलंस, आणि जिचा नुकसान केलंस तिका सांगूक लाज?" बायको बर्नादेत म्हणाली, आणि इस्त्रीचा शर्ट त्यांच्या हातात कोंबला.

मास्तर शेवटच्या बाकावर बसले. किशोरी सांगत होती, "एखादा अवाढव्य तारा मरतो तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा झोत सुटतो. मागे उरलेला उजेड दुर्बिणीत धरायचा. तो त्या ताऱ्याच्या आकाशगंगेतल्या वायूमधून येतो. तिथलं लोखंड, जस्त, गंधक आपापल्या रंगाचा उजेड गिळतात आणि उजेडाच्या रंगपट्ट्यात काळ्या रेघा राहतात. त्या रेघांवरून कळतं, बारा अब्ज वर्षांपूर्वी तिथे कुठलं मूलद्रव्य किती होतं. ताऱ्यांची प्रत्येक पिढी त्यात भर घालते."

मास्तर उठले.

"किशोरी, तुझं उत्तर बरोबर होतं. फुली मी चुकीची मारली. माफ कर गो."

"खंयचा उत्तर, सर?"

"सहामाहीतलं. लोखंड ताऱ्यांत तयार होतं."

किशोरी हसायलाच लागली. "ता? सर, मी लिहिलेलंय, लोखंड सूर्यात तयार होता आणि उन्हाबरोबर जमिनीवर पडता! माझ्या आयेन पेपर अजून जपून ठेवल्यान. सूर्याची तेवढी ताकद खंय? त्याला कितीतरी मोठे तारे लागतात. फुली बरोबरच होती."

पोरं खदखदून हसली. मास्तर मात्र बाकाला धरून उभेच.

"आणि मी शिकवलेलं?"

"ता पण चूक. दोघांकय शून्य, सर!"

मास्तर मटकन खाली बसले. मग त्यांनी, पोरं करतात तसा, हात वर केला. "तशा जुन्या आकाशगंगेत लोखंडाचं प्रमाण किती सापडतं?"

"सूर्यातल्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं."

घरी येऊन त्यांनी बर्नादेतला सगळं सांगितलं.

"मगे इतकी वर्सां माझी झोप कित्याक मोडलंस रे?" ती कडाडली.

मास्तर नुसते हसत राहिले.