हॅलोकाकूंचा प्रार्थनाविषय

हॅलोकाकूंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर काढलं नाही. यावर कुणाचा विश्वास बसत नसे. कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. तिच्या कानांदेखत लग्नं जुळतायत, मोडतायत, भाऊ भावाशी भांडतोय, कुणी बायकोला चोरून भलतीकडेच फोन करतोय, आणि घरी येऊन ही नवऱ्याला काय सांगणार, तर आज ऑफिसातला पंखा बंद होता! नवरा बिचारा चिडायचा. "हिच्या पोटात अख्ख्या शहराची डिरेक्टरी आहे," म्हणायचा, "पण एक पान उघडून दाखवेल तर शपथ." पुढे नवरा गेला, एक्स्चेंजच्या जागी यंत्रं आली, आणि काकूंना मागे उरलं ते हे नाव आणि न बोलण्याची ख्याती.

त्यामुळे चर्चच्या पाळकसाहेबांनी समुपदेशनाची खोली काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी काकूच आल्या. सहा शनिवारांचा कोर्स झाला. नऊ जणांनी तो केला, आठवड्यातून एक दिवस बसायला तयार झाले दोघं. एक काकू आणि दुसरे शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. मास्तरांकडे एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नसे, कारण गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच ते उपाय सांगून मोकळे व्हायचे.

खोली म्हणजे चर्चच्या मागची जादा खुर्च्या ठेवायची अडगळीची जागा. खुर्च्या हलवल्या, भिंतींना फिकट रंग दिला, एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि टिकटिक न करणारं घड्याळ. भिंतीवर चौकटीत कोर्सच्या पुस्तिकेतला पहिला नियम लावलेला: इथे ऐकलेलं इथेच राहील. तो वाचून काकूंना हसू आलं होतं. हे काय लिहून ठेवायचं असतं?

आणि काकू कामाला चांगल्या होत्या, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. "देवावर भार टाक, सगळं ठीक होईल," असलं गुळमुळीत त्या कधी बोलल्या नाहीत. झोप लागत नाही म्हणणाऱ्याला त्या आधी विचारायच्या, दुपारी चहा किती वेळा घेतोस? प्रार्थनाही समोरच्याला विचारून. "प्रार्थना करू या, की नुसतं बसू या?" पुष्कळजण म्हणायचे, नुसतं बसू. मग काकू बसायच्या. डॉक्टरच्या गोळ्या घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं मानणारे लोक चर्चच्या त्या मंडळीत कमी नव्हते. त्यांना काकू म्हणायच्या, "चष्मा लावताना श्रद्धा आड येत नाही, मग गोळीच्या वेळीच बरी येते?"

अशा काकूंकडे एका मंगळवारी ती मुलगी आली. मुलगी म्हणजे चर्चमध्ये फुलांची सजावट करणाऱ्या बाईंची सून. रक्त तपासायच्या लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं लावायचं काम करायची, आता बाळंतपणाच्या रजेवर. बाळ अडीच महिन्यांचं. आधी तिनं बाळाचे जुने कपडे कुठे द्यायचे याची चौकशी केली, मग खोलीचं दार कितपत बंद होतं ते बघितलं, आणि मग बसली.

"काकू, मला काही वाटतच नाही," ती म्हणाली. "तो रडतो ना, तर वाटतं शेजाऱ्यांचं कुणाचं तरी पोर रडतंय. सगळे म्हणतात, देवाची देणगी आहे. मी हो म्हणते. आत काहीच नाही."

काकूंनी कानांवर हात ठेवले नाहीत, की "आई ना तू?" असंही म्हटलं नाही. त्या दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन डॉक्टरकडे गेल्या आणि बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. डॉक्टर म्हणाली, हा आजार आहे, पुष्कळजणींना होतो, बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या. नवऱ्याला आजाराचं नाव सांगितलं. सासूला सांगितलं, अशक्तपणाच्या गोळ्या आहेत.

आणि काकूंनी तिला एक काम दिलं. रोज सकाळी पंधरा मिनिटं बाळाची आंघोळ. तू एकटीनं घालायची, दार लावून. "प्रेमबिम काही करायचं नाही," काकूंनी बजावलं. "पाणी कोपरानं बघायचं, मानेखाली हात धरायचा, कानामागे पुसायचं, झालं. वाटलं तर वाटलं, नाही तर नाही."

घरात यावरून वादळ झालं. आजवर आंघोळ सासू घालत होती. "कोवळं पोर, हिच्या हातून निसटलं म्हणजे?" पण नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा आईपुढे तोंड उघडलं आणि ती पंधरा मिनिटं मुलीला मिळाली. सासूनं आपल्या धाकट्या बहिणीपाशी तक्रार केली, पण बाथरूमच्या दाराबाहेर राहिली.

पहिले दोन मंगळवार मुलगी नुसतं "घातली" म्हणाली, हजेरी दिल्यासारखं. तिसऱ्या मंगळवारी म्हणाली, "त्याच्या कानामागे तीळ आहे, मला माहीतच नव्हतं." सहाव्या मंगळवारी ती जवळजवळ धावतच आली. बाळानं पाण्यात हात आपटला होता, पाणी तिच्या डोळ्यांत उडालं होतं, आणि ती हसली होती.

"आणि मग तो माझ्याकडे बघतच राहिला, काकू. आणि मला वाटलं, हा माझा आहे."

ती रडली. काकूही रडल्या, समोरच्याबरोबर रडू नये, असं पुस्तिकेत लिहिलेलं असूनही रडल्या.

इथवर सगळं नीट होतं. मग बुधवार उजाडला.

बुधवारी दुपारी पाळकसाहेबांच्या दिवाणखान्यात बायकांची प्रार्थना असे. बारा जणी. प्रत्येकीनं आपापला प्रार्थनाविषय सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचा गुडघा, कुणाच्या नवऱ्याचं पिणं. काकूंची पाळी आली की त्या म्हणायच्या, "माझं विशेष काही नाही." मूल ना बाळ, गुडघे ठणठणीत. वर्षानुवर्षं विशेष काही नसण्याचा माणसाला कंटाळा येतो, हे काकू कबूल करणार नाहीत, पण येतो.

त्या दिवशी त्यांचं मन भरून आलं होतं. त्या म्हणाल्या, "माझा आज आभाराचा विषय आहे." सगळ्या सावरून बसल्या. "नाव सांगणार नाही," काकू म्हणाल्या, आणि आपण नाव सांगत नाही याचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं. "एक तरुण आई आहे. तिला स्वतःच्या बाळाबद्दल काहीच वाटत नव्हतं. काही म्हणजे काही नाही. काल त्याला आंघोळ घालताना ती पहिल्यांदा हसली."

"प्रभूची स्तुती असो!" बायका म्हणाल्या. डोळे मिटले, प्रार्थना सुरू झाली.

काकूंच्या मते त्या देवाला सांगत होत्या. देवाला खुशाल सांगावं. पण देव आणि काकू यांच्या मध्ये अकरा बायका बसल्या होत्या, आणि डोळे मिटले म्हणून कान मिटत नाहीत. मंडळीत त्या वर्षी पहिलं मूल झालेली आई एकच होती. आंघोळीवरून कुणाच्या घरी वाजलं होतं, हेही एकीला पक्कं ठाऊक होतं. सासूची ती धाकटी बहीण तिसऱ्या खुर्चीत बसली होती. ऐन प्रार्थनेत काकूंनी डोळे किलकिले केले, तर तिचे डोळे टक्क उघडे, काकूंवरच रोखलेले. एकतीस वर्षं जिनं ब्र काढला नाही, तिनं ते एका वाक्यात षट्कर्णी करून टाकलं होतं, आणि आभार मानून.

बहीण काही चहाडखोर नव्हती. ती तडक थोरलीकडे गेली ती चुगली करायला नाही. "तुला माहीत असावं," म्हणाली, "म्हणजे प्रार्थना नेमकी करता येईल." सासूही वाईट बाई नव्हती, तेच तर दुखणं आहे. ती रडत सुनेच्या खोलीत गेली, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी टॉवेल घेऊन गेली, तर पाणी काढलेलं, बाळ सासूच्या पायांवर. "तू पड जरा. तू आजारी आहेस ना?"

रविवारपर्यंत बायकांनी पाळ्या लावल्या. सोमवारी ही, मंगळवारी ती. बाळ आईजवळ एकटं म्हणून राहायचं नाही. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. तिनं बाळाला उचललं की कुणीतरी येऊन गोड बोलून ते काढून घ्यायचं, लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसं. नवऱ्याला आजाराचं नाव माहीत होतं, 'बाळाबद्दल काहीच वाटत नाही' हे वाक्य माहीत नव्हतं. ते त्याला मावशीकडून कळलं. त्यानंतर तो बायकोशी हळू आवाजात बोलायला लागला, परक्या बाईशी बोलावं तसा.

पुढच्या मंगळवारी मुलगी आली, खुर्चीच्या कडेवर बसली.

"सगळं छान आहे, काकू. देवाची कृपा."

"आणि आंघोळ?"

"त्या घालतात. चांगली घालतात."

दहाव्या मिनिटाला ती उठली. पुन्हा आली नाही.

काकू पाळकसाहेबांकडे गेल्या आणि घडलं ते सगळं, आपली बाजू न सावरता, सांगितलं. साहेब कनवाळू माणूस. म्हणाले, "तुमचा हेतू शुद्ध होता, काकू. आणि बघा ना, अख्खी मंडळी कशी तिच्या पाठीशी उभी राहिली! मी तर रविवारच्या संदेशात हे उदाहरण घेणार आहे."

"नाव न सांगता?" काकूंनी विचारलं.

"अर्थातच नाव न सांगता!" साहेब म्हणाले. टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला. काकूंनी खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरल्या. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

आणखी तीन आठवडे त्यांनी धीर गोळा करण्यात घालवले. मग एका दुपारी त्या मुलीच्या घरी गेल्या. दार सासूनं उघडलं आणि काकूंचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे कळलं हो आम्हाला! नाहीतर काय होऊन बसलं असतं, कल्पना करवत नाही." काकू हात सोडवून घेऊन आत गेल्या.

मुलगी पुढच्या खोलीत पलंगावर बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. चेहरा चांगला धुतलेला, केस विंचरलेले. सासू आतल्या खोलीत गेली तशा काकू म्हणाल्या, "पोरी, माझं चुकलं. तू माझ्यावर भरवसा टाकलास आणि मी..."

"माफ केलं, काकू."

इतकं पटकन! काकूंनी तीन आठवडे जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. त्या मंडळीत वाढलेल्या पोरीला क्षमा लहानपणापासून पाठ असते, मागितली की द्यायची, देताना समोरच्याकडे बघायलाच हवं असं नाही. हिनं आरडाओरडा करावा, चालत्या व्हा म्हणावं, एखादं झबलं तोंडावर फेकावं, असं काकूंना फार वाटलं. मुलीनं झबल्याची बाही सरळ केली.

"गोळ्या घेतेस ना?"

"देतात त्या. वेळेवर."

आत बाळ रडलं. मुलीचे हात थांबले. ती पलंगावरून अर्धी उठली, अगदी अर्धी, आणि आतून सासूचं "आले, आले रे राजा" ऐकू आलं. ती पुन्हा बसली.

"जा ना," काकू कळवळून म्हणाल्या. "जा, तू घे त्याला. मी सांगते त्यांना."

मुलीनं तेव्हा पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं.

"नको. मी त्याला घेतलं की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात," ती म्हणाली, "हसते का ते बघायला."