काढेवाली आणि दिवसाआडचा ताप

सेनगावजवळच्या तांड्यावर एक म्हातारी हिवतापावर काढा द्यायची. गुळवेल आणि कडुनिंबाची साल उकळून केलेला तो काढा आधी स्वतः घोटभर प्यायची, मग रोग्यापुढे धरायची. कुणी तोंड वाकडं केलं की खेकसायची, "मी म्हातारी पिऊन राहिले, तुलाच काहून कडू लागतं रे?"

गरिबांची औषधं सरकार तपासतच नाही, अशी पत्रकं आम्ही चळवळीतली पोरं तेव्हा गावोगाव वाटत होतो. तिचा काढा तपासा म्हणून आम्ही आरोग्य केंद्राशी भांडलो. शेवटी तिथला रक्त तपासणारा कर्मचारी तांड्यावर आला. तिची सूनच तापाने फणफणली होती. त्याने काढ्याआधी तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर पुन्हा घेतला. दोन्ही काचांवर हिवतापाचे जंतू सापडले.

तो म्हातारीला म्हणाला, "मावशी, हा ताप दिवसाआड येतो. आज उतरला तो काढ्यानं न्हाई. उद्या परत येईल."

मी उसळून म्हणालो, "एका रोग्यावरून निकाल देता?"

"भाऊ, भाषण मंग करा," ती मला म्हणाली. "आधी पोरीला गोळ्या देऊ द्या."

कर्मचाऱ्याकडच्या हिवतापाच्या गोळ्या सुनेला देऊन ती थेट बाहेर आली. काढा पिऊन बरे झालो म्हणून जे तिच्या पाया पडून गेले होते, त्यांना ती दारोदार जाऊन हाका मारू लागली, "चला, रगत द्यायला चला."